डॅनियल जॉन्स्टन आणि त्याचा 'वेलकम टू माय वर्ल्ड': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी भेटेल त्याला हा अल्बम ऐकवतोय, आणि ऐकल्यावर लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही, या माणसाबद्दल दोन ओळीत बोलणं मला जमत नाही.

डॅनियल जॉन्स्टन कोण?

अमेरिकन गायक, गाणी स्वतःच लिहायचा, आणि चित्रंही काढायचा. जन्म २२ जानेवारी १९६१, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा. वाढला मात्र वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू कंबरलँड नावाच्या छोट्या गावात, पाच भावंडांतलं शेंडेफळ. घरचं वातावरण एकदम धार्मिक, वडील दुसऱ्या महायुद्धात पायलट होते. हा पोरगा दिवसभर कॉमिक्स काढणार, बीटल्स ऐकणार आणि तळघरात पियानोवर बसून स्वतःची गाणी रेकॉर्ड करणार. आई ओरडायची की काहीतरी कामाचं कर, तर ते आईचं ओरडणंसुद्धा त्यानं कॅसेटवर घेऊन ठेवलंय. पहिली कॅसेट 'साँग्ज ऑफ पेन' १९८१ ची, तेव्हा तो विशीत होता.

'वेलकम टू माय वर्ल्ड' मध्ये नक्की आहे काय?

२००६ मध्ये आलेला त्याच्या कारकिर्दीचा संग्रह. जुन्या कॅसेटींमधली आणि अल्बममधली २१ गाणी निवडून एका सीडीवर आणली. लेबल त्याचं स्वतःचंच, इटर्नल यिप आय म्युझिक. गाणी परत गायलेली नाहीत हं, मूळ रेकॉर्डिंगच आहेत, आणि बहुतेक सगळी ८०च्या दशकातली. 'कॅस्पर द फ्रेंडली घोस्ट', 'वॉकिंग द काऊ', 'स्पीडिंग मोटरसायकल', 'डेव्हिल टाऊन', 'सम थिंग्ज लास्ट अ लाँग टाइम', 'ट्रू लव्ह विल फाइंड यू इन दि एंड' ही सगळी यात आहेत.

याची गरज काय होती हे नव्या माणसाला पटकन कळत नाही. त्याच्या गाण्यांचा पसारा म्हणजे घरी केलेल्या डझनभर कॅसेटी, मग त्यातल्या काही स्ट्रेस नावाच्या छोट्या लेबलनं कॉपी करून विकल्या, दोन होमस्टेड रेकॉर्ड्सनं एलपीवर काढल्या, पुढचे अल्बम शिमी डिस्कवर, एक अटलांटिकसारख्या मोठ्या कंपनीवर. कुठून सुरुवात करायची हे कुणालाच सांगता यायचं नाही. आता निदान हातात ठेवायला एक वस्तू आहे.

आवाज एवढा खरखरतो का? माझी फाइल खराब आहे का?

नाही नाही, फाइल बरोबर आहे. तो तसाच आहे.

सुरुवातीची सगळी गाणी त्यानं साध्या मोनो कॅसेट रेकॉर्डरवर केलीत. ५९ डॉलरचा सान्योचा बूमबॉक्स, म्हणजे आपल्याकडे घरोघरी टू-इन-वन असायचा ना, त्याच जातीचा. त्यातलाच छोटा माइक, समोर बसून एकदाच गायचं, चुकलं तर चुकलं. टेपचा सूं आवाज, बटण दाबल्याचा खटका, सगळं त्यात येतं. वाद्य म्हणाल तर आधी घरचा पियानो, मग टेक्सासला गेल्यावर पियानो नव्हता म्हणून खेळण्यातला वाटावा असा कॉर्ड ऑर्गन, एका हाताखाली बटणं, दुसऱ्या हाताखाली इवल्याशा पट्ट्या, आणि आतला पंखा घूं घूं करत असतो तो वेगळाच. 'यिप/जंप म्युझिक' ही कॅसेट १९८३ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनला भावाच्या गॅरेजमध्ये बसून केलीय, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन मार्कोसला बहिणीकडे राहत असताना 'हाय, हाऊ आर यू'. म्हणजे ज्या दोन कॅसेटींवर त्याचं नाव उभं आहे त्या दोन्ही नातेवाइकांकडे पाहुणा म्हणून राहताना, एकाच वर्षात झाल्यात.

आणि एक गोष्ट, जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. सुरुवातीला त्याच्याकडे कॅसेटची कॉपी काढायची सोयच नव्हती. कुणी म्हणालं मला पण एक दे, तर हा घरी जाऊन अख्खी कॅसेट पहिल्यापासून पुन्हा गायचा. सगळी गाणी. त्या एका माणसासाठी. मागच्या माणसाकडे जी कॅसेट गेली ती वेगळी, तुमची वेगळी. आता हे डोक्यात ठेवून ती खरखर ऐका, समोर कुणीतरी बसलंय असं वाटतं की नाही बघा.

पण तो सुरात गात नाही ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आवाज पातळ, किनरा, कापरा, वरच्या पट्टीत गेला की फाटतो, तालही इकडेतिकडे होतो. आपल्या कानाला लहानपणापासून घोटलेल्या, तयारीच्या गळ्याची सवय आहे, त्यामुळे आपल्याला तर हे जास्तच खुपतं. मी स्वतः पहिल्यांदा ऐकला तेव्हा दुसऱ्या मिनिटाला बंद केला होता.

मी परत गेलो ते चालीसाठी. 'वॉकिंग द काऊ' ची चाल दोन दिवस डोक्यातून जाईना, डबा भरताना, स्टेशनवर उभा असताना, सारखी तीच. तेव्हा लक्षात आलं की गळा कच्चा असला तरी गाणं पक्कं आहे. स्वर कुठे चढवायचा, शब्द कुठे तोडायचा, धून कुठे वळवायची हे त्याला बरोबर ठाऊक होतं, बीटल्स त्यानं तसा मन लावून ऐकला होता. याचा पुरावा पाहिजे तर इतरांनी गायलेली त्याची गाणी ऐका. डॅनियल पुढे टेक्सासमधल्या ज्या ऑस्टिन शहरात राहिला, तिथल्याच गायिका कॅथी मॅकार्टीनं १९९४ मध्ये त्याच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, 'डेड डॉग्ज आयबॉल', नीट स्टुडिओत, नीट वाद्यं घेऊन. त्यातलं 'लिव्हिंग लाइफ' पुढे 'बिफोर सनराइज' या सिनेमाच्या शेवटच्या श्रेयनामावलीवर वाजलं. टॉम वेट्सनं 'किंग काँग' गायलं, बेकनं 'ट्रू लव्ह' गायलं. चाल कुठेच पडत नाही.

आणि मग मूळ ऐकायला परत या. मला तरी मूळच आवडतं. त्या कापऱ्या आवाजात तो जे सांगतोय ते गोड गळ्यात सांगितलं की थोडं बाहेरचं वाटायला लागतं.

गाणी असतात कशाबद्दल?

भूत, माकड, गाय, मोटरसायकल, किंग काँग, बॉक्सर, सैतान, देव, बीटल्स, आणि एक मुलगी. कॉलेजात भेटलेली एक मुलगी, तिनं दुसऱ्याशी लग्न केलं, आणि हा पुढची कितीतरी वर्षं तिच्यावर गाणी करत राहिला. गाणी शेकड्यांनी आहेत आणि त्यातली कितीतरी याच एका दुःखाची.

'कॅस्पर' घ्या. लहान मुलांच्या कार्टूनमधलं गरीब स्वभावाचं भूत. त्याच्यावर गाणं करताना डॅनियल सांगतो की हा जिवंत असताना लोक याला हिडीसफिडीस करायचे आणि मेल्यावर सगळ्यांना तो हवासा झाला. ऐकताना हसू येतं आणि हसू संपायच्या आत पोटात खड्डा पडतो. 'वॉकिंग द काऊ' ची कल्पना तर ब्लू बेल आइस्क्रीमवर असलेल्या चित्रावरून आली, मुलगी गाय घेऊन चाललीय असं ते चित्र. आइस्क्रीमवरचं चित्र बघून कुणाला असं एकटं एकटं वाटेल? त्याला वाटलं. 'डेव्हिल टाऊन' तर जेमतेम एक मिनिटाचं, एकही वाद्य नाही, नुसता गळा.

माझं इंग्रजी यथातथाच आहे, कळेल का?

कळेल. शब्द अगदी साधे असतात, शाळेतल्या पुस्तकातले. फक्त उच्चार थोडे बोबडे आहेत आणि रेकॉर्डिंग घुमतं, म्हणून पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवा. दुसऱ्यांदा लागणार नाहीत.

गाणी लोकांपर्यंत पोचली कशी?

चालत. खरंच सांगतोय. तो मोपेड घेऊन एका फिरत्या जत्रेबरोबर निघून गेला होता, तिथे खाण्याच्या स्टॉलवर काम करायचा, आणि फिरत फिरत ऑस्टिनला येऊन पोचला. तिथे मॅकडोनाल्ड्समध्ये नोकरी धरली आणि रस्त्यात दिसेल त्याच्या हातात कॅसेट द्यायला लागला, वर स्वतः काढलेलं चित्र. गावातल्या बँडवाल्यांना, पत्रकारांना, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना. बरेच जण घरी जाऊन नुसतं बघू म्हणून लावायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला शोधत यायचे. १९८५ मध्ये एमटीव्हीचे लोक 'द कटिंग एज' या कार्यक्रमासाठी ऑस्टिनच्या बँडचं शूटिंग करायला आले तर हा तिथेही जाऊन उभा राहिला, आणि गायला, 'हाय, हाऊ आर यू' ची कॅसेट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. बिचकला होता हे दिसतं, पण मागे हटला नाही.

कर्ट कोबेनच्या टी-शर्टवरचा बेडूक तो हाच का?

हाच. 'हाय, हाऊ आर यू' च्या कव्हरवरचा, डोळे देठांवर उभे असलेला, नाव जेरेमाया. कोबेन म्हणजे निर्वाना या बँडचा गायक, त्याला तो टी-शर्ट पत्रकार एव्हरेट ट्रू यानं दिला होता आणि १९९२ च्या एमटीव्ही पुरस्कारांना तो घालून गेला, मग जगभर लोक विचारायला लागले की हे काय आहे. कोबेनच्या स्वतःच्या हातानं लिहिलेल्या आवडत्या ५० अल्बमच्या यादीतही 'यिप/जंप म्युझिक' आहे, म्हणजे नुसती कपड्याची हौस नव्हती.

१९९३ मध्ये ऑस्टिनच्या साउंड एक्सचेंज या रेकॉर्डच्या दुकानानं तोच बेडूक डॅनियलकडून आपल्या भिंतीवर काढून घेतला. दुकान पुढे बंद पडलं, २००४ मध्ये तिथे नवं रेस्टॉरंट येणार आणि भिंत जाणार असं झालं तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि भिंत वाचली.

त्याला नक्की काय झालं होतं?

गंभीर मानसिक आजार. बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया, दोन्ही नावं त्याच्या बाबतीत घेतली गेलीत. आयुष्यात कितीतरी वेळा तो हॉस्पिटलात राहिला, औषधं आयुष्यभर चालू होती. सैतान आपल्या मागे लागलाय हे त्याला अगदी खरं वाटायचं. आजार भरात असताना त्याच्या हातून दुसऱ्यांना इजाही झालीय, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण एक मला पोटतिडकीनं सांगायचंय. लोक म्हणतात वेडामुळे एवढी गाणी सुचली. उलट बघा, आजार जोरात असायचा तेव्हा महिनोन्‌महिने काही व्हायचं नाही. १९८८ मध्ये न्यूयॉर्कला गेला, निर्माता क्रेमरबरोबर अल्बम करायचा होता, सॉनिक यूथ या बँडची मंडळी मदतीला होती, आणि तिथेच तब्येत इतकी बिघडली की स्टुडिओतलं काम अर्धवट राहिलं, '१९९०' हा अल्बम मग स्टुडिओतलं थोडं आणि इकडचंतिकडचं थोडं जोडून पुरा करावा लागला. आजारानं त्याची गाणी खाल्ली. जी आहेत ती त्यानं आजाराच्या हातातून ओढून आणलीत, आणि आईवडिलांनी, भावाबहिणींनी त्याला सांभाळलं म्हणून आहेत. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

विमानाचा किस्सा खरा आहे?

खरा आहे. १९९० मध्ये ऑस्टिनचा कार्यक्रम करून वडिलांच्या छोट्या विमानातून घरी परतताना, आजाराच्या भरात, त्यानं चालू विमानाची किल्ली काढून बाहेर फेकली. वडील जुने लष्करी पायलट, त्यांनी विमान कसंबसं झाडांवर उतरवलं, दोघंही वाचले. मला हा किस्सा रंगवून सांगायला आवडत नाही. त्या वडिलांचा चेहरा आठवतो.

मोठ्या कंपनीकडे का नाही गेला?

गेला होता. कोबेनच्या टी-शर्टनंतर दोन मोठ्या कंपन्या मागे लागल्या, आणि हा तेव्हा हॉस्पिटलात. इलेक्ट्राला नाही म्हणाला कारण त्यांच्याकडे मेटॅलिका हा हेवी मेटल बँड होता आणि ती सैतानाची माणसं आहेत असं त्याला वाटत होतं. ज्या मॅनेजरनं इतकी वर्षं त्याच्या कॅसेटी जगवल्या त्यालाही काढून टाकलं. मग अटलांटिककडून १९९४ मध्ये 'फन' आला, बटहोल सर्फर्स या बँडच्या पॉल लिअरीनं केलेला, चांगला अल्बम आहे, पण काही हजारच विकला गेला आणि १९९६ मध्ये कंपनीनं करार संपवला.

आधी डॉक्युमेंटरी बघू की आधी अल्बम ऐकू?

आधी अल्बम. प्लीज.

जेफ फॉयरझाइगची 'द डेव्हिल अँड डॅनियल जॉन्स्टन' ही २००५ ची फिल्म फार सुंदर आहे, सनडान्स चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला तिला, डॅनियलच्या स्वतःच्या जुन्या टेप आणि घरगुती फिल्म वापरून बनवलीय. पण ती बघितली की मग प्रत्येक गाण्यात तुम्ही हॉस्पिटल शोधायला लागता, हे तेव्हाचं का, हे त्या मुलीबद्दलचं का. २००६ मध्ये ती थिएटरात लागली आणि त्याच वर्षी हा संग्रह आला, त्यामुळे खूप जण फिल्मच्या वाटेनं इथे आले आणि किस्से घेऊनच परत गेले. तुम्ही एकदा तरी काही माहीत नसल्यासारखं ऐका. (हो, मी वर सगळं सांगून टाकलंय, तरी पण.)

'द लेट ग्रेट डॅनियल जॉन्स्टन' म्हणजे हाच का?

नाही. तो २००४ चा, दोन सीडींचा: एकीवर इतरांनी गायलेली त्याची गाणी, दुसरीवर मूळ त्याच्या आवाजातली. ज्यांना खरखर अजिबात सोसत नाही त्यांनी त्याच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. नावात 'लेट' (म्हणजे दिवंगत) आहे पण तेव्हा तो चांगला जिवंत होता, ४३ वर्षांचा.

या संग्रहात काय कमी आहे?

उत्तरार्ध. २००३ चा 'फिअर युवरसेल्फ' स्पार्कलहॉर्स या बँडच्या मार्क लिंकसनं किती मायेनं केलाय, २००९ चा 'इज अँड ऑलवेज वॉज' तर या संग्रहानंतरच आला, पण या काळातला जाडजूड, थकलेला, घोगरा डॅनियल इथे जवळजवळ भेटतच नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की हा कायम २२ वर्षांचाच राहिला. कारकिर्दीचा संग्रह म्हणायचं तर ही मोठी उणीव आहे, माझी तरी ही एकमेव तक्रार आहे.

चित्रांचं काय?

मार्कर पेननं साध्या कागदावर काढलेली. कॅप्टन अमेरिका, कॅस्पर, डोक्याचा वरचा भाग उघडा असलेला बॉक्सर, बेडूक, डोळेच डोळे. २००६ मध्येच न्यूयॉर्कच्या व्हिटनी बिएनाले या कला प्रदर्शनात ती लागली होती.

मुलांना ऐकवू का?

बरीचशी ऐकवा, माझ्या भाचीला मोटरसायकलचं गाणं पाठ आहे. तेच गाणं १९९० मध्ये यो ला टेंगो हा बँड न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू रेडिओ स्टेशनवर वाजवत होता आणि डॅनियल घरून फोनवरून गात होता, ते रेकॉर्डिंग मिळालं तर तेही लावा, मुलांना टेलिफोनचा आवाज फार आवडतो. मृत्यूवरची गाणी मात्र आधी स्वतः ऐकून मग ठरवा.

तो आता कुठे असतो?

गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये, टेक्सासमधल्या वॉलरच्या घरी, वयाच्या ५८ व्या वर्षी. शेवटचा दौरा २०१७ मध्ये केला, प्रत्येक शहरात साथीला वेगळे वादक, शिकागोत विल्को बँडचा जेफ ट्वीडी, पोर्टलंडला बिल्ट टू स्पिल हा बँड, आणि या बिल्ट टू स्पिलनं पुढे २०२० मध्ये त्याच्या गाण्यांचा अल्बमच काढला. त्याचा वाढदिवस, २२ जानेवारी, ऑस्टिनमध्ये २०१८ पासून 'हाय, हाऊ आर यू' दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी कुणालातरी विचारायचं, कसा आहेस, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

हा अल्बम आवडला तर पुढे काय?

'यिप/जंप म्युझिक' आणि 'हाय, हाऊ आर यू', दोन्ही अख्ख्या. मग '१९९०'. मग गायक जॅड फेअरबरोबरचा 'इट्स स्पूकी', दोघंही तितकेच अवली, दोघांनी मिळून केलेला दंगा. पियानो आवडत असेल तर मागे 'साँग्ज ऑफ पेन' कडे जा. आणि 'स्टोरी ऑफ ॲन आर्टिस्ट' सोडू नका, १९८२ चं, पियानोवरचं, अॅपलनं २०१८ मध्ये जाहिरातीत वापरलं तेव्हा बरेच जण ते पहिल्यांदा ऐकत होते. २१ वर्षांचा पोरगा घरातल्यांना आणि गावाला समजावून सांगतोय की मी नुसता बसलेलो नाही, काम करतोय.

वेळच नाही, एकच गाणं सांगा.

'ट्रू लव्ह विल फाइंड यू इन दि एंड'. १९८४ ची 'रिटायर्ड बॉक्सर' ही कॅसेट, गिटार आणि गळा, दोन मिनिटंसुद्धा भरत नाहीत. ज्याला स्वतःला प्रेम मिळालं नाही तो दुसऱ्याला सांगतोय की तुला मिळेल, फक्त तू पण उजेडात ये, नाहीतर ते तुला शोधणार कसं. इअरफोन लावा, खिडकीशी बसा, आणि मधे थांबवू नका.